सिंकपुढची चार बोटं पट्टी

मी सिंकखाली उकिडवा बसून मोबाइलच्या टॉर्चने गळती शोधत होतो. पाइप कोरडा होता. पाणी दगडातून येत होतं. सिंकच्या कोपऱ्यापासून ओट्याच्या पुढच्या कडेपर्यंत ग्रॅनाइटला तडा गेला होता.

तेवढ्यात डोक्यावर पावलं वाजली. पावस गावच्या नलूकाकू ओट्यावर चढल्या होत्या, गणपतीसाठी माळ्यावरची मोठी पातेली काढायला.

मी या धंद्यात लाद्या वाहण्यापासून सुरुवात केली. आज ओटे बसवतोय त्याला बावीस वर्षं झाली. सिंकसाठी ग्रॅनाइट कापलं की पुढे जेमतेम चार बोटं पट्टी उरते. ओट्याची सगळ्यात कमजोर जागा ती. म्हणून आम्ही खाली आधी कडप्प्याची लादी घालतो, सिंकच्या दोन्ही बाजूंना उभा सपोर्ट देतो, मग वर ग्रॅनाइट. हा ओटा ठरवताना काकूंचा मुलगा सुहास मुंबईहून फोनवर म्हणाला होता, "खालचं कोणाला दिसतंय? ऑनलाइन निम्म्या रेटमध्ये होतं." महिनाभर घासाघीस चालली. शेवटी माझं डोकं फिरलं. "घे, तुझ्या बजेटात," म्हणालो आणि खालचं सगळं गाळलं. त्याला अद्दल घडावी म्हणून. ओट्यावर चढणार त्याची आई, हे डोक्यातच आलं नाही.

आता ओरडलो तर काकू दचकणार. पाय पट्टीवर पडला की काकू दगडासकट माझ्या मानेवर. मी खांदा पट्टीखाली लावला.

"काकू, आहात तिथेच थांबा हां."

"का रे मेल्या? आज आवाज चढला नाही तुझा. काय मोडलंस?"

"काही नाही. सुहास आलाय ना गणपतीला? त्याला हाक मारा."

दगड टक्कन वाजला. खांद्यावर वजन आलं. सुहास दारात आला आणि माझा चेहरा बघून तिथेच थबकला.

"आईला शेगडीकडून उतरव. तिथे खाली भिंत आहे. सिंककडे पाय टाकू देऊ नको."

पहिल्यांदाच त्याने हुज्जत घातली नाही. काकू पातेल्यासकट उतरल्या. मी मात्र बराच वेळ खांदा काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कडप्पा, सपोर्ट, नवं ग्रॅनाइट, सगळं माझ्या पदरचं. सुहास गावभर सांगतो, "दम दिला, तसं फुकट करून दिलंन." अजून चीड येते. पण खरं सांगायला गेलो तर माझीच अब्रू जाईल.

आता मी बजेट नंतर विचारतो. आधी विचारतो, ओट्यावर कोण चढतं? सगळे म्हणतात, कोणी नाही. मग मी माळ्याची उंची मोजतो.