खाणीच्या कडेपासून पहिल्या घरापर्यंत

बायकोच्या कपाळावर घोटीच्या दवाखान्यात पाच टाके घालून घेऊन आम्ही नाशिकला घरी पोहोचलो, तेव्हा मोबाइलवर संयोजकांचा निरोप येऊन पडला होता. ‘उद्या सकाळी दहाला अभिप्राय बैठक. सर्वांनी लिहावे की गावकऱ्यांनी विनाकारण हल्ला केला. प्रती पोलिसांच्या तक्रारीला जोडायच्या आहेत.’

सहल ऊर्जा आणि खाणकाम यांच्या अभ्यासाची होती. आमच्या भागातल्या एका संस्थेने ती काढली होती आणि बहुतेक सगळे आमच्यासारखेच संसारी लोक होते. सकाळी औष्णिक वीज केंद्र बघितलं. दुपारी घोटीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दगडखाणीवर गेलो. तिथे संयोजकांनी, म्हणजे एका निवृत्त प्राध्यापकांनी, आम्हाला एक अभ्यास दिला: खाणीच्या कडेपासून पहिल्या घरापर्यंतचं अंतर मोजा. डोक्यावर पिवळी हेल्मेट, हातात तीस मीटरचा टेप. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, तपासणी विभागात, मी रोज मोजमापच करतो.

दुसऱ्यांदा टेप ताणला तेव्हा त्या पहिल्या घरातून एक माणूस धावत आला.

“कुनी पाठवलं? मागल्या वक्ताला असाच टेप लावला आन् दोन घरं खाणीत गेली. आता माझं मोजता?”

प्राध्यापक म्हणाले, “आम्ही सहलीला आलोय.”

“सहलीला टेप लागतो व्हय?” असं म्हणून त्याने टेपला हिसका दिला.

टेपचं दुसरं टोक आमच्याच सोसायटीतल्या एका बांधकाम ठेकेदाराच्या हातात होतं. टेपच्या पोलादी पट्टीने त्याची बोटं कापली. त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्या माणसाच्या तोंडावर हाणलं. पुन्हा हाणलं. तो खाली बसला, तोंडातून रक्त आणि दाताचा तुकडा मातीत पडला. मग घरांकडून दगड आले. आधी हेल्मेट, नंतर दगड. हा क्रम मी चार पावलांवरून बघितला.

एक दगड बायकोच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरल्याने तिला काही दिसेना. मी तिला बसमध्ये चढवत असताना आमच्यातल्या सहा-सात जणांनी त्या माणसाला फरफटत बसपर्यंत आणलं. तो आडवा पडला होता आणि हे लाथा घालत होते. शाळेत शिकवणारे एक सर त्याच्या हातावर बूट ठेवून उभे होते. “पळायला नको,” ते म्हणाले. त्याला पळता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोलीस आले आणि त्यालाच घेऊन गेले. उद्या दुपारपर्यंत लेखी तक्रार आणतो, असं प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत एकेकाने उठून तेच वाक्य वाचलं. माझी पाळी आली. मी म्हणालो, “विनाकारण हे खरं नाही. पहिला मार आपल्याकडून झाला. या कागदावर तो माणूस तुरुंगात जाईल.”

ठेकेदार खुर्च्या ढकलत आला. त्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. “तुझ्या बायकोचं डोकं फुटलं आणि तू त्या हरामखोराची वकिली करतोस?” मी त्याचा हात काढायला गेलो तर त्याने गुडघा पोटात घातला. मला श्वास घेता येईना. दोघांनी त्याला धरलं, बाकीचे बसून होते.

बायको उठली. पट्टीखाली तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

“सोडा त्यांना. दगड कोणी मारला ते मी बघितलं नाही. हेल्मेट कोणी मारलं ते बघितलंय.”

“वहिनी, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?”

“टाके माझ्या कपाळात आहेत, भाऊ. तुम्ही हाताला पट्टी बांधून बसलाय.”

प्राध्यापक म्हणाले, “ताई, संस्थेचं नाव खराब होईल.”

“त्याचे दात पडलेत, सर,” ती म्हणाली आणि मला उठवायला आली.

आम्ही तिथूनच मोटारसायकलवर घोटीच्या पोलीस ठाण्याला निघालो. प्रत्येक खड्ड्याला ती माझा खांदा आवळत होती. मी एकदा विचारलं, परत फिरू का? ती म्हणाली, “पुढे बघून चालवा.”

दोघांनी जबाब दिला. ठेकेदाराचं नाव मी स्वतः सांगितलं. ठाण्यातल्या साहेबांनी बायकोला दोनदा विचारलं, दगड त्या गावकऱ्यानेच मारला ना? ती दोनदा नाही म्हणाली. दगड आले तेव्हा तो मार खाऊन खाली बसलेला होता, हे मी लिहून घ्यायला लावलं. साहेब वैतागले. मग म्हणाले, “आणा त्याला बाहेर.”

बाहेर बाकावर त्या माणसाची बायको बसली होती. तिने माझ्या बायकोच्या पट्टीकडे बघितलं.

“लय लागलं?”

“हो.”

“आमचं घर कशाला मोजत व्हते तुमी?”

“शिकायला,” बायको म्हणाली.

“आमच्या घराचं काय शिकनार?”

तेवढ्यात त्याला बाहेर आणलं. ओठ इतके सुजले होते की तो बोलू शकत नव्हता. सुटकेच्या कागदावर अंगठा लावायचा होता. हवालदाराने डावा हात ओढला तसा तो ओरडला. बुटाखाली चिरडलेली बोटं काळी पडली होती, अंगठा सरळ होत नव्हता. हवालदाराने तो हात सोडला आणि उजव्या अंगठ्याला शाई लावली.

ती त्याला धरून बाहेर गेली. आम्ही जरा थांबून निघालो, कारण फाट्यापर्यंत रस्ता एकच होता आणि पायी जाणाऱ्या त्या दोघांना मोटारसायकलवरून ओलांडायचं नव्हतं.