एक रस, दोन ग्लास

रसवंतीच्या बाकावर आमच्या कॉलनीतले देवधर आणि सावंत शेजारी शेजारी बसले होते. एकच फुल रस त्यांनी दोन ग्लासांत करून घेतला होता, आणि बर्फ कोणाकडे जास्त गेला यावरून दोघं हसत होते. चरकाचे घुंगरू वाजत होते. भाजीची पिशवी हातात धरून मी रस्त्याच्या पलीकडून बघतच राहिले.

आज सकाळीच याच दोघांनी कॉलनीच्या ग्रुपवर, भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून, एकमेकांची अक्कल काढली होती. मी त्या ग्रुपची अ‍ॅडमिन. पाण्याच्या वेळा कळाव्यात म्हणून ग्रुप सुरू केला आणि तेव्हापासून लोकांचे शब्द पुसत बसले आहे. पुसायचं म्हटलं तरी आधी वाचावं लागतंच. इतरांच्या नजरेआड होतं ते, माझ्या डोक्यात मात्र राहतं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी दोघांनाही वेगवेगळा फोन करून हात जोडले. दोघंही म्हणाले, "तुम्ही त्यांच्याच बाजूच्या."

या दोघांचा राग टाइप करण्यापुरताच असावा. बोटांतून उतरला की यांच्यापुरता संपला. साठतो तो माझ्याकडे.

रस्ता ओलांडून मी जवळ गेले. सावंतांनी देवधरांना कोपराने ढोसलं. "अ‍ॅडमिनबाई आल्या." दोघं एकदम गप्प झाले आणि ग्लासात बघायला लागले.

"जरा शांत राहा" म्हणून महिनाभर ग्रुपवर विनवतेय. इथे माझं नुसतं येणं पुरलं.