रोटाच्या यादीत नसलेली पोर

दोन हजार चोवीस साल. मी पंचाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही ढोरं सांभाळून. पण कानबाईच्या रोटाचे गहू मोजायला भावकीत चाळीस वर्षं माझीच मूठ लागते आणि त्यात एकदाही चूक झालेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळे मलाच बोलले.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. पोटासाठी कुठंही गेलेला भाऊबंद त्या दिवशी गावी येतोच. दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू. ते दळायचे, त्याचा रोट करायचा. तो घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. बायकांची मूठ नसते. दिलेल्या लेकीची तर नाहीच, ती दुसऱ्यांची झाली.

त्या वर्षी सत्तावीस जणांच्या मुठी भरल्या. गुजरातेतल्या मोठ्या शहरात कापडाच्या लूमवर काम करणारा पुतण्याही आला होता. माझी खापर गावात दिलेली लेक नवऱ्याला आणि चार वर्षांच्या पोरीला घेऊन आली होती. पंगतीत पोरीनं रोटाला हात घातला. मी तो तिच्या मुठीतून काढून घेतला. नेम म्हणजे नेम. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. जावई ताटावरून उठला आणि संध्याकाळच्या गाडीनं बायकापोरीला घेऊन गेला.

पुतण्या सोमवारी शहराला परतला. मंगळवारी त्याला ताप भरला, मान लाकडासारखी ताठ झाली, उजेड सोसेना, मग शुद्धच हरपली. दवाखान्यात नेलं तर मेंदूज्वर निघाला, तोही एकाचा दुसऱ्याला लागणारा.

बुधवारी सकाळी तालुक्याहून डॉक्टरबाई दारात हजर. वयानं माझ्या नातीएवढी. म्हणे, शहरात त्याच्या खोलीतले आधीच दोघं आजारी आहेत. खाट एक, झोपणारे तिघं, पाळीपाळीनं. एक कामावरून आला की दुसरा उठायचा. जंतू घशात बसतो. दहाजणांना काही करत नाही, अकराव्याला आडवं करतो. म्हणून आजारी पडल्या दिवसापासून उलटं मोजत जायचं, कोणाजवळ झोपला, कोणाबरोबर जेवला, आणि त्या सगळ्यांना गोळी द्यायची. मला ते पटलं. शेतात पाणी पोचलं नाही की आपणही पाटानं उलटं वर जातो, कुठं फुटलाय ते बघत.

पण आमचे लोक! कोरोनात शाळेत कोंडलं होतं ते कोणी विसरलं नव्हतं. माझ्या मांडीला मांडी लावून जेवलेला चुलतभाऊ डॉक्टरबाईला सांगतो, "मी तर आलोच नव्हतो." दुसरा म्हणे, "मन्हा उपास व्हता." माझं डोकं फिरलं. मी बाईला म्हटलं, "लिहा, मी सांगतो." आणि सत्तावीस नावं मुठीच्या क्रमानं सांगितली. कागद नाही, काही नाही. कोण कुठून आला, कुठं निजला, सगळं.

तिनं लिहून घेतलं आणि वर पाहिलं. "बाबा, यात एकही बाई नाही."

"बाईची मूठ नसते."

"जंतूला हे कोणी सांगितलं?"

आतून आमची म्हातारी फस्सकन हसली. तीच बाहेर आली आणि सुनांची नावं देऊ लागली.

"आणि दिलेल्या लेकी?" बाईनं विचारलं.

मी म्हटलं, "त्यांनी रोट खाल्लाच नाही."

"मला रोटाचं नको, थुंकीचं सांगा. कोणाचं उष्टं कोण प्यालं?"

कानबाईच्या घरात थुंकीची गोष्ट! मी उठलो. "लेकी आल्या तशा गेल्या. त्यांचं काही नाही." म्हातारी काही बोलणार होती, मी डोळे वटारले. बाईनं दिलेली माझी गोळी खिशात टाकली, मागून घेतो म्हटलं. बाईला पुढं बाकीच्यांकडे जायचं होतं.

दिवस मावळायच्या आत तिचा फोन. "बाबा, तुमचा पुतण्या शुद्धीवर आलाय. तो सांगतो, एक लहान पोर रडत होती, तिला त्यानं मांडीवर घेतलं आणि आपल्या ग्लासातलं पाणी घोट घोट पाजलं. ती पोर कोण? तिचं नाव यादीत का नाही?"

माझीच नात. ती का रडत होती ते मला ठाऊक होतं.

खापरचा पत्ता दिला. तासाभरात पुन्हा फोन. तिकडची नर्स त्यांच्या घरी गेली तर व्याह्यानं 'पोर गावाला गेली' म्हणून दारातून परत लावली. डॉक्टरबाई म्हणाली, "एवढ्या लहान पोरीला गोळी नाही, सुई द्यावी लागेल. तीन दिवस झालेत. उद्याच्या पुढं ढकलू नका."

मग मी व्याह्याला फोन लावला. तोही माझ्यासारखाच, वाकणारा नव्हे.

"कोनती पोर?" तो म्हणाला. "आम्हनी पोर तुम्हना रोटमा नई, मंग तुम्हना आजारमा कशी?"

"व्याही, ऐका तरी—"

"तिना हातमातून घास काढतांना ऐकं का तुम्ही?"

फोन बंद. पुन्हा लावला, उचललाच नाही. लेकीचा फोन तर बंदच.

म्हातारी चुलीपुढून म्हणाली, "चाळीस वरीस गहू मोजात, मानसं कधी मोजशात?" मी तिच्यावर ओरडलो. ती भाकरी थापत राहिली.

सकाळी पहिली एसटी धरली. तळोदा, अक्कलकुवा करत नऊच्या सुमाराला खापरला उतरलो. आधी नर्सबाईला गाठलं आणि सोबत घेतलं. व्याही ओट्यावर बसून दाढी करत होता. मला बघितलं तरी आरसा खाली ठेवला नाही. मी ओट्याच्या पायरीवर बसलो आणि पाणी मागितलं. लेकीनं तांब्या आणला. मी खिशातली गोळी काढली आणि त्याच्या डोळ्यांदेखत गिळली.

"रविवारी माझं चुकलं," मी म्हटलं. "मला काय बोलायचं ते मागून बोला. आधी पोर आणा."

अर्ध्या गालाला साबण तसाच, त्यानं आरसा खाली ठेवला. मग आत वळून हाक मारली. पोर दाराआडच होती. मी तिला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं. नर्सबाईनं सुई टोचली तशी ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी हात काढला नाही.