दारावरचं कडं

भगवंत सुताराच्या अंगणात त्या वर्षी एका वेळी चार-चार बैलबंड्या उभ्या असत. अमेरिकेत कुठंशी लढाई पेटली आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, एवढंच गावाला ठाऊक होतं. वऱ्हाडातल्या कापसाला मात्र अचानक फार मान आला होता, आणि तो अकोल्याला, अमरावतीला नेण्यासाठी ज्याला त्याला नवी बंडी हवी होती. काटेपूर्णेच्या काठच्या त्या गावात सुताराचं घर एकच. बार्शीटाकळीकडचे लोकही त्याच्याकडेच येत. तांबडं फुटायच्या आत त्याचा लाकूड तासायचा वाकस चालू होई आणि हातातलं काम टाकून तो जेवायलाही नीट बसत नसे.

या धांदलीतच फाल्गुन आला. धुळवडीला गावात गेंदीचा खेळ होई. चिंध्या गुंडाळून, वरून चामडं शिवून केलेली नारळाएवढी गेंद. एका बाजूला वरचा पुरा, दुसऱ्या बाजूला खालचा पुरा. पाटलाच्या कापूस निघालेल्या वावरात दोन टोकांना दोन-दोन खांब रोवायचे. त्या दोन खांबांना दार म्हणत. गेंद हातात धरून समोरच्यांच्या दारातून पलीकडे न्यायची, की एक दार झालं. दुसरी रीत नव्हती. त्यामुळे खेळ धिप्पाड माणसांचा आणि पळणाऱ्यांचा. बाकीचे बांधावर बसून बघत.

खालच्या पुऱ्यात चंद्रभान माळी होता. सडपातळ, लांब पायांचा, नदीकाठी त्याचा भाजीचा मळा. तो गेंद घेऊन सुटला की कुणाच्या हाती लागत नसे. वरच्या पुऱ्याचं दार भगवंत राखी, आणि सलग पाच धुळवडी चंद्रभान त्याच्या बगलेखालून दार करून गेला होता. दोघांचं वैर नव्हतं. भगवंतच्या घरची वांगी-मेथी चंद्रभानच्याच मळ्यातून येई. पण धुळवडीनंतर महिनाभर लोक भगवंतला विचारत, "काहून गा, दाराले कडी लावाची राह्यली होती काय?" तो हसून घेई. ते हसणं वरवरचं होतं.

त्या वर्षी वरच्या पुऱ्याचे खांब वाळवीनं खाल्ले होते. भगवंतनं बंडीच्या कामातून उरलेली बाभळीची दोन लाकडं घाईत सोलली. त्यातल्या एकाला गुडघ्याच्या उंचीवर तुटलेल्या फांदीचा वीतभर खुंट राहिला होता. त्याच्या बायकोनं, गोदाबाईनं, तो पाहिला.

"हा तासून टाका. कोनाले लागन."

"उद्या तासतो," भगवंत म्हणाला.

वाकसाच्या दोन घावांचं काम होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते केलं नाही, आणि खांब रोवताना खुंट दाराच्या आतल्या अंगाला आला.

धुळवडीच्या दुपारी खेळ रंगला. दोन्हीकडे दोन-दोन दारं झाली होती. चंद्रभाननं मधूनच गेंद उचलली आणि तो सरळ भगवंतच्या अंगावर पळत आला. शेवटच्या क्षणी तो नेहमीसारखा डावीकडे वळला. भगवंतला दोन्ही हातांनी त्याला कवेत घेता आलं असतं. खुंट कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एक ओरखडा बसावा, यंदा तरी यानं लंगडत परत जावं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं खांदा घातला आणि चंद्रभानला त्या खांबावर लोटलं.

लाकडावर हाड आपटल्याचा आवाज बांधावर बसलेल्यांनाही ऐकू गेला. चंद्रभान ओरडला नाही. तो खाली बसला आणि गुडघ्याकडे बघत राहिला.

लोकांनी त्याला खाटेवर घालून घरी नेलं. वावर रिकामं झालं तसा भगवंत घरी आला, वाकस घेऊन परत गेला आणि त्यानं तो खुंट तासून टाकला. वर माती चोळून लाकडाचा नवा रंगही झाकला. वाकस घेऊन तो घरात शिरला तेव्हा गोदाबाई चुलीपाशी होती. तिनं वाकसाच्या पात्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा भाकरी थापू लागली.

अकोल्याहून हाड बसवणारा आणला. त्यानं पट्ट्या बांधल्या, लेप दिले. दोन महिन्यांनी पट्ट्या सुटल्या तेव्हा पाय काठीसारखा ताठ झाला होता. गुडघा पुन्हा वाकला नाही. मळ्याला पाणी मोटेचं. बैलांमागून उतरणीवर दिवसभर जा-ये करायची. ते आता चंद्रभानच्यानं होईना. त्याची बायको शकुन मोट हाकू लागली आणि तो वाफ्याच्या कडेला बसून निंदण करू लागला.

भगवंत रोज मळ्यात जाई. त्यानं चंद्रभानला कुबडी करून दिली, ताठ पाय पुढे ठेवून बसता येईल असा लांबट पाट दिला, मोटेचं चाक नवं बसवलं. गाव त्याची तारीफ करी. पाटील खुशालराव पारावर चारचौघांत म्हणाले, "खेळात लागलं तं लागलं. पन भगवंतासारखा मानूस पाह्यला नाही." भगवंतला त्या पारावर बसवेना. सगळ्यात अवघड जाई ते चंद्रभानचं बोलणं. एकदा पाटावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "तू काहून येवढा जीवाले लावून घेऊन राह्यला? तू का जानूनबुजून केलं?"

भगवंतनं रंध्यातला भुसा झटकायला घेतला. झटकून झाल्यावरही तो झटकत राहिला.

"खेळ तेवढा सुटला माया," चंद्रभान थोड्या वेळानं बोलला. "मोटेचं काही वाटत नाही. पन धुळवडीले बांधावर बसाचं म्हनजे..."

पुढच्या माघात भगवंत एक नवी बंडी पोचवायला अकोल्याला गेला. कापसाच्या वखारीसमोर त्याला थांबावं लागलं, इतकी बंड्यांची रांग होती. वखारीच्या माळ्याला एक गोल झरोका होता आणि खालून मजूर कापसाची लहान गाठोडी त्यातून वर फेकत होते. उभे असलेल्यांची गाठोडी कधी भिंतीला लागून परत येत. एक म्हातारा मात्र ढिगावर मांडी घालून बसला होता आणि त्याचं प्रत्येक गाठोडं नेमकं झरोक्यातून आत जात होतं. तो जागचा हलतही नव्हता. भगवंत आपली बंडी पुढे घ्यायची विसरला. मागचे लोक ओरडले तेव्हा तो भानावर आला.

घरी येताच त्यानं हातातली कामं बाजूला ठेवली. बंडीच्या चाकाची एक जुनी लोखंडी धाव पडली होती. ती लोहाराकडून लहान करून घेतली. दोन खांब उभे केले, डोक्यावर आडवं लाकूड घातलं आणि त्या लाकडाच्या मधोमध ते कडं उभं बसवलं. खांबाच्या बाहेरच्या अंगाला जमिनीलगत एक लहान चौकट जोडली, गेंद घरंगळत जाईल एवढी. समोरच्या टोकासाठी तसंच दुसरं दार केलं. म्हणजे आता गेंद तीन वाटांनी जाणार होती: हातात धरून दारातून, दूरच्या रेघेवरून फेकून कड्यातून, नाहीतर लोळवत चौकटीतून.

पारावर यावर बराच वाद झाला. वरच्या पुऱ्याचा देवीदास, अंगानं पैलवान, म्हणाला, "गेंद दारातूनच गेली पायजे. फेकाफेकी करनं हा का मर्दाचा खेळ हाय?" कुणी म्हणालं, दारावर बांगडी कसली घातली. खुशालरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "एक धुळवड खेळून पाहा. नाही जमलं तं कडं काढून टाकू."

कड्याची उंची मात्र भगवंतला ठरवता येईना. बसलेल्या माणसाला ते किती वर हवं, हे फेकणाराच सांगू शकत होता. होळीच्या चार दिवस आधी तो एका दारावरचं कडं उतरवून, ते आणि गेंद घेऊन मळ्यात गेला. आंब्याच्या फांदीला कडं बांधून त्यानं चंद्रभानच्या हाती गेंद दिली. चंद्रभाननं पाटावर बसून फेकली. पहिली चुकली, दुसरी काठाला लागली, तिसरी आरपार गेली. त्याचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसू लागला.

"माया एकट्यासाठी तू सारा खेळ बदलून टाकला," तो म्हणाला. "सख्खा भाऊ नाही करत येवढं."

भगवंतला ते सहन झालं नाही. तो उभ्यानंच बोलला, "भाऊ म्हनू नोको. त्या खांबाले खुंट होता. मले माहीत होता. म्या तुले त्याच्यावरच लोटलं. आन मंग तासून टाकला, कोनाले दिसू नये म्हनून."

मोट हाकणारी शकुन उतरणीवर थांबली. बैलही थांबले.

"पाय मोडाचा म्हनून लोटलं?"

"नाही. लागावं म्हनून. थोडंसं."

"थोडंसं," चंद्रभान म्हणाला. त्यानं गेंद खाली ठेवली. "सालभर मी म्हनत होतो, दैवानं पाय नेला. दैवासंग मानूस भांडत नाही, गप बसते. आता रोज सकाळी पाय उचलताना तुयं तोंड दिसन मले. हे सांगून तू मोकळा झाला. मले कुठी ठेवलं?"

भगवंतनं फांदीचं कडं सोडायला घेतलं.

"जाय तू," चंद्रभान म्हणाला. "पाटलाच्या वाड्यावर सांगाचं तं सांग. मी नाही सांगत."

भगवंत तिथून सरळ खुशालरावांकडे गेला आणि सगळं सांगितलं. पाटील ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तू यंदापासून गेंदीले हात लावू नोको." एवढीच शिक्षा. ती त्याला फार थोडी वाटली. गावातल्या काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं, पण बंड्या तर हव्याच होत्या, म्हणून काम येत राहिलं. गोदाबाई त्या संध्याकाळी म्हणाली, "मी तवाच बोलाले पायजे होतं." तिच्याही मनावर ते इतके दिवस होतं, हे त्याला तेव्हा कळलं, आणि आपल्या अपराधात आपण तिलाही ओढलं हे नवंच ओझं झालं.

त्या धुळवडीला चंद्रभान आला नाही. दारं मात्र रोवली होती. कड्याची उंची भगवंतनं अंदाजानंच ठेवली. बुटका तेली किसन, जो जन्मात कधी वावरात उतरला नव्हता, त्यानं रेघेवरून दोन वेळा कड्यातून गेंद घातली आणि खालचा पुरा जिंकला. देवीदास दिवसभर कुरकुरला, पण कडं काढा असं कुणी म्हणालं नाही. भगवंत घरी बसून आवाज ऐकत होता. ज्याच्यासाठी केलं तो सोडून सारे खेळत होते.

पुढच्या वर्षी धुळवडीला शकुननं पाट डोक्यावर घेतला आणि चंद्रभान कुबडीवर तिच्यामागून आला. रेघेवर पाट ठेवून तो बसला. त्या दुपारी त्यानं सहा वेळा कड्यातून गेंद घातली. भगवंत वावराच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली उभा होता. चंद्रभाननं एकदाही तिकडे पाहिलं नाही.

तो उन्हाळा सरेस्तोवर लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाची धावपळ ओसरली. भगवंतच्या अंगणात आता एखादीच बंडी असे. पावसाळ्याआधी एका सकाळी कुबडीचा आवाज आला. चंद्रभान फाटकात उभा होता. आत ये म्हणायचं धाडस भगवंतला झालं नाही. त्यानं फक्त हातातली पटाशी खाली ठेवली.

"कडं हातभर खाली घे," चंद्रभान म्हणाला. "बुढ्या मानसायचे हात पोचत नाहीत. आमच्या पुऱ्यातले चार बुढे खेळतो म्हनतात."

"हातभर?"

"हातभर. आन रेघ दोन पावलं पुढं." तो जायला वळला, मग थांबला. "पाय ठनकते अजून. पावसाचं आभाळ आलं का जास्ती."

"हो," भगवंत म्हणाला.

"आज मोकळा असशीन तं चाल. उंची बसून पाहा लागन."

भगवंतनं दोरी आणि मोजायची काठी घेतली. दोघं वावराकडे निघाले. चंद्रभान कुबडीच्या चालीनं चालत होता आणि भगवंत त्याच्या एक पाऊल मागे.