शमीमबाईंनी मिळवलेल्या दोन खोल्या

आदरणीय शमीमबाई मुजावर यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती पापडांवरून. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गावात शाळेचा व्हरांडा बायकांचाच असतो. फरशी गार, सावली चांगली, कुत्री येत नाहीत. मी उडदाचे पापड पसरून राखणीला बसले होते. एवढ्यात परंड्याकडून बदली होऊन आलेल्या नव्या मुख्याध्यापिका कुलूप उघडायला आल्या. मी पापड गोळा करायला लागले, तर त्या म्हणाल्या, बसा हो अव्वा, घाई नाही. आमच्याकडं म्हाताऱ्या बाईला अव्वा म्हणतात. मग आत डोकावून त्यांनी विचारलं, आत एवढी मोठी खोली मोकळी असून बाहेर का घातलेत? मी म्हटलं, आत वरून माती पडती बाई, पापड खराब होतात.

बाई माझ्याकडं वळल्या.

"पापडावर माती नको, आणि लेकरांवर चालती व्हय अव्वा?"

एवढंच बोलल्या आणि माझ्याशेजारी बसून पापड उलटायला लागल्या. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. आज त्यांची साठी झाली, त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढला, आणि एवढ्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या पंगतीत माझंही पान मांडलं, याचा मला लई आनंद आहे. मी तिसरीपर्यंत शिकलेली. लिहिण्यात चुकलंमाकलं पोटात घाला.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, नळदुर्गच्या अलीकडं, मोठ्या हायवेला लागून. खोल्या दोन, दोन्ही भूकंपात तडकलेल्या. माझा मुलगा मल्लिनाथ ट्रकवर असतो, सून ढाब्यावर भाकऱ्या करते, म्हणून नात कावेरीची पालक मीच. तशी मी शाळा समितीत आले. आधीच्या बैठका म्हणजे सही करा आणि चहा प्या. बाईंच्या बैठकीत चहा शेवटी असायचा.

सरकारचा पैसा शाळेला कसा येतो, हे मला बाईंनी समजावून दिलं. एक पैसा दर वर्षाचा. तो पटावर ठरतो, लेकरं जास्त तर पैसा जास्त. त्यातून खडू, वीजबिल, नळाची दुरुस्ती. तो यायचाही उशिरा आणि मार्च संपायच्या आत खर्च नाही झाला तर परत जायचा. आम्हा शेतकऱ्यांना हे लगेच कळलं, कारण पाटाचं पाणी असंच असतं. आपल्या पाळीला जो दारं धरायला उभा नाही, त्याचं रान कोरडं. दुसरा पैसा खोल्यांचा. तो जिल्ह्याच्या आराखड्यातून येतो, पण कागदावर जुनी खोली चांगली दिसत असेल तर नवी मिळत नाही. आधी इंजिनिअर साहेबांनी येऊन, बघून, ही खोली बाद झाली असं लिहून द्यावं लागतं. त्याला निर्लेखन म्हणतात. हा शब्द पाठ करायला मला आठवडा लागला. आता झोपेतून उठवून विचारा.

बाईंनी खटपट करून साहेबांची भेट ठरवली. नेमक्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांना प्रशिक्षणाला धाराशिवला जावं लागलं. इकडं आमचे सरपंच बसवराज अप्पा यांना कळलं की साहेब येणार. अप्पा मनानं सोन्यासारखे आहेत, पण त्यांना पाहुणा आला की राहवत नाही. त्यांनी तरणी पोरं लावून भेगा सिमेंटनं बुजवल्या, भिंतींना पिवळा रंग दिला, वर मांडवाचं कापड ताणून छत झाकून टाकलं. आम्ही बायकांनी रांगोळ्या काढल्या. गावाची अब्रू म्हणून कोणी मागंपुढं पाहिलं नाही. बाई सकाळच्या गाडीनं आल्या तर साहेबांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि शेरा लिहून झालेला, खोल्या वापरण्यायोग्य.

बाई रागावल्या नाहीत. साहेबांची गाडी गेल्यावर एवढंच म्हणाल्या,

"अप्पा, आजारी माणसाला पावडर लावून डॉक्टरपुढं नेलंत तुम्ही."

त्या वर्षी खोल्यांच्या यादीत आमचं नाव आलं नाही. रंगाचे पोपडे गळायला लागले, तशी शाळेतली लेकरंही गळायला लागली. नळदुर्गच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात शिरायची, ज्यांना परवडत होतं ते चढायचे. पट उतरत चालला. असाच उतरला तर शाळा बंद करून उरलेली लेकरं पलीकडच्या गावच्या शाळेत घालणार, अशी बोलणी ऐकू यायला लागली. पलीकडचं गाव म्हणजे हायवेच्या पलीकडं. मल्लिनाथ घरी आला तेव्हा म्हणाला, "आई, मी ट्रक चालवतो म्हणून सांगतो. हा रस्ता वलांडायला लेकरू धाडू नको. बिरेक दाबला तरी गाडी लई पुढं जाऊन थांबती." कावेरी तेव्हा दुसरीत होती. मला अन्न गोड लागेना.

मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, अव्वा, शाळा इथंच राहील. मग त्या घरोघरी हिंडल्या. गाडीत बसणाऱ्या लेकरांच्या आईबापांना त्यांनी नावं ठेवली नाहीत. एक वर्ष थांबा, एवढंच मागितलं. निम्मी घरं थांबली.

साहेबांची दुसरी भेट ठरली तेव्हा बाईंनी अप्पांना शाळेत बोलावून बजावलं, रंग नाही, कापड नाही, शाल नाही. अप्पांनी मान डोलवली, पण त्या दिवशी ते आले ते बगलेत पिशवी घेऊन. बाईंनी पिशवी मागून घेतली, तर आत शाल. ती कपाटात कुलपात गेली. साहेबांची खुर्ची त्यांनी व्हरांड्यात न मांडता वर्गात मांडली, दुसरीच्या लेकरांच्या मधोमध, आणि पाढे सुरू ठेवायला सांगितले. साहेब चहाचा कप हातात घेऊन ऐकत होते. लेकरांनी जोरात पाढा म्हटला आणि छताचा एक पोपडा सुटून थेट कपात पडला. लेकरं हसली नाहीत, त्यांना ते रोजचंच. एक पोरगी उठली आणि रोज पाटी पुसते तशी साहेबांची बाही पुसायला लागली.

साहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, हे मागच्या वर्षी का नाही दाखवलं?

अप्पांनी हात जोडले. "मागच्या वर्षी तुमी पाव्हणे होता साहेब. औंदा तुमी साहेब हाव."

साहेबांनाही हसू आलं. त्यांनी दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर स्वतः टिकाव मारून पाहिला आणि निर्लेखनाचं लिहून दिलं.

पण खरी परीक्षा पुढंच होती. जुन्या खोल्या पाडल्या आणि नव्या आल्या नाहीत तर? पाडल्यावर वर्ग गावच्या मठाच्या सभामंडपात भरायला लागले. मठाच्या स्वामींनी स्वतःच्या बैठकीची जागा बाईंच्या कपाटाला दिली. बाई रोज पायरीशी चपला काढून, पदर सावरून आत जायच्या.

एक सांगते, विषय जरा बाजूला जातो पण राहवत नाही. शाळेची खिचडी लेकरांना वाढायच्या आधी मोठ्या माणसानं चाखून बघावी असा नियम आहे. बाई तो कधी चुकवायच्या नाहीत. रमजानात त्यांचा रोजा, मग त्या मला बोलावणं धाडायच्या, अव्वा, आजपासून जीभ तुमची. मी मीठ कमी म्हटलं की मीठ पडायचं. ईदेला माझ्या घरी शीरखुर्म्याचा डबा यायचा, आणि वर निरोप, आता ह्याचीही चव सांगा. कावेरी तापानं फणफणली तेव्हा तिच्या उशाशी बसून गोष्टी सांगणाऱ्याही ह्याच बाई.

तर, जिल्ह्याची यादी ठरायची वेळ आली. बाई समितीतल्या आम्हा सगळ्यांना आणि अप्पांना घेऊन धाराशिवला मोठ्या ऑफिसात गेल्या. तिथले साहेब वाईट नव्हते. म्हणाले, पैसा थोडा, पडक्या शाळा लई, तुमचं पुढच्या वर्षी बघू. मला वाटलं, संपलं. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"साहेब, पुढच्या वर्षी खोली मिळेल, पण तोवर पट राहणार नाही. मग तुम्हीच म्हणाल, लेकरंच नाहीत तर खोली कशाला. पट आहे तोवर द्या."

साहेबांनी पेन उचललं. दोन्ही खोल्या त्याच वर्षी यादीत बसल्या. परतीच्या एसटीत अप्पांनी कंडक्टरसकट सगळ्यांना पेढे वाटले. गावाच्या वेशीवर मोठी कमान बांधायची त्यांची जुनी हौस होती. ती त्यांनी आपणहून सोडली आणि ग्रामपंचायतीच्या पैशातून शाळेला हायवेच्या बाजूनं भिंत घातली.

नव्या खोल्यांचा स्लॅब टाकला तेव्हा पाणी मारायला ठेकेदाराचा माणूस टिकेना. बाईंनी बायकांच्या पाळ्या लावल्या. गौंड्यापेक्षा आमचंच लक्ष जास्त. सेवेचे शेवटचे दिवस उरले होते, तरी बाई आपल्या पाळीला पदर खोचून शिडीवर चढायच्या, आणि मी खालून ओरडायची, बाई, निवृत्त धडधाकट व्हा.

खोल्यांचं उद्‍घाटन झालं तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. पत्रिकेवर मोठमोठी नावं होती, पण अप्पांनी कात्री बाईंच्याच हातात दिली. बाईंनी फीत कापली आणि बाजूला सरून आधी लेकरांना आत सोडलं. माझी कावेरी पळत जाऊन पहिल्या रांगेत बसली. गाडीनं जाणारी बरीच लेकरं परत आलीत. पिवळी गाडी आता आमच्या गावात वळत नाही. हायवेवर ट्रक धावतात, धावोत बापडे. आमची लेकरं भिंतीच्या अलीकडं खेळतात.

त्या दिवशी भाषणात बाईंनी आभार कोणाचे मानले नाहीत. म्हणाल्या, पट वाढलाय, आता तिसरी खोली मागा. आम्ही मागितली आहे. ठराव झाला, साहेब येऊन जागा बघून गेले. कोणी शाल दिली नाही.

शमीमबाई, तुमच्या देवानं आणि आमच्या शंभूनं मिळून तुम्हाला निरोगी ठेवावं. गुडघे सांभाळा, साखर कमी खा. तिसऱ्या खोलीचा नारळ तुम्हीच फोडायचा आहे. त्यानंतर चौथीची मागणी आहे, आणि सरकार किती सावकाश देतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेवढं आयुष्य तुम्हाला घ्यावंच लागेल.