नवरदेवाच्या मापाचा माणूस

सीटचा बोल्ट मी आवळला नव्हता. म्हणजे आवळला होता, पण अर्धाच. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये टीमच्या सगळ्या सायकली धुतल्या, पुसल्या, सीटच्या दांड्यांना ग्रीस लावलं आणि शेवटच्या सायकलीला पाना लावला, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, जेवण संपत आलंय. मी लहान गावातल्या शाळेतून शिकलेला माणूस. जेवण संपत आलंय हे ऐकूनही पाना धरून बसावं, असं आम्हाला कुठल्याच इयत्तेत शिकवलं नव्हतं. बोल्ट तसाच राहिला. आणि राहून राहून तो राहिला कुठे, तर टीमच्या मुख्य खेळाडूच्या राखीव सायकलीला.

ज्यांनी या शर्यती पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रोज एक टप्पा, असे कितीतरी दिवस सायकल हाणायची. सगळ्या टप्प्यांचा मिळून ज्याचा वेळ सगळ्यात कमी, तो जिंकला. टीममध्ये आठ जण, पण जिंकायचं एकाने. बाकीच्यांनी त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागे टीमच्या गाडीपर्यंत येऊन पाण्याच्या बाटल्या न्यायच्या आणि वेळ आलीच तर स्वतःची सायकल त्याच्या हातात द्यायची. आमच्या टीममधल्या त्या एकाला सगळे नवरदेव म्हणायचे, कारण बाकीचे राबत आणि तो फोटोत मधे उभा राही. माणूस वाईट नव्हता. फक्त आयुष्यात कधी स्वतःची बाटली स्वतः भरलेली नव्हती.

बाटल्या नेणारा तो पाणक्या. ही गोष्ट त्याची.

पाणक्या टीममध्ये कसा आला, हे तो दर वेळी नव्याने चिडून सांगायचा. आधी तो एका लाँड्रीत कामाला होता. डोंगरावरच्या हॉटेलांच्या चादरी धुवून सायकलवरून वर पोहोचवायच्या आणि मळक्या खाली आणायच्या. ओल्या चादरींचं ओझं घेऊन चढ चढणाऱ्याला रिकाम्या सायकलवर चढ म्हणजे काय वाटणार? तो स्थानिक शर्यतींत उतरला, चढावर सगळ्यांना मागे टाकू लागला आणि आमच्या मॅनेजरने त्याला चाचणीला बोलावलं. त्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी सायकल नव्हती, म्हणून नवरदेवाचीच दिली. सीट वरखाली करावी लागली नाही. पाय, हात, कंबर, सगळं जसंच्या तसं बसलं.

"मी तो डोंगर असा चढलो मिस्त्री, की डॉक्टर ठोके मोजायच्या मशीनकडे बघून मशीनच ठोकायला लागला," पाणक्या सांगायचा. मला तो मिस्त्रीच म्हणायचा. "आणि मॅनेजर काय म्हणाला? 'अरे वा, हा तर आपल्या नवरदेवाच्या मापाचा आहे!' घेतलं मला. चढासाठी नाही. टांगांसाठी."

टीमचं गणित सरळ होतं. गाडी मागे अडकली आणि नवरदेवाची सायकल बिघडली, तर त्याच उंचीची सीट असलेली एक सायकल कायम जवळ हवी. ती सायकल चालवणारा माणूस हा त्या सायकलीचा स्टँड. या स्टँडला नेमके टीममधले सगळ्यात ताकदीचे पाय होते, ही अडचण टीमची नव्हती.

त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हे गणित पहिल्या दिवसापासून डोक्यात जायचं. त्या शर्टांच्या कारखान्यात कापड कापायच्या कामाला होत्या. दोघांचं घर टायरच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. शर्यत त्या टीव्हीवर आवाज बंद करून बघायच्या.

"आवाज कशाला बंद, वहिनी?" मी एकदा विचारलं.

"ते बोलणारे दोघं याचं नाव घेत नाहीत हो भाऊजी. 'सोबत एक सहकारी' म्हणतात. पाच वर्षं झाली, अजून सहकारीच. मी पाठीवरून ओळखते. बाटल्या कोंबून कोंबून पाठीला पोक आलेला दिसला, की तो आपला." मग नवऱ्याकडे बघून, "मी लोकांची मापं घेऊन पोट भरते, हा स्वतःचं माप देऊन भरतो. बरा जमलाय जोडा!"

"चहा देतेस का?" पाणक्या म्हणायचा. उत्तर नसलं की तो चहा मागायचा.

तर त्या बोल्टाच्या दिवशी काय होतं ते महत्त्वाचं. तो घाटाचा टप्पा होता, सगळ्यात अवघड, आणि शेवट घाटमाथ्यावर. आदल्या रात्री जेवताना (होय, ज्या जेवणासाठी मी पाना टाकून पळालो तेच) मॅनेजर पाणक्याला म्हणाला होता, "उद्या तू मोकळा. सुरुवातीला पुढे निसटणाऱ्यांबरोबर जा. वर पहिला पोहोचलास, तर पुढच्या मोसमात डोंगरातल्या छोट्या शर्यतीत तुझी टीम. तू पुढे, बाकीचे तुझ्यासाठी. शब्द देतो."

नवरदेवानेही ताटातून मान वर करून सांगितलं, "जा रे बिनधास्त. मी बघून घेईन माझं."

पाणक्याने त्या रात्री दोनदा भात घेतला. खोलीत मला म्हणाला, "मोकळा म्हणजे दोरी लांब सोडली असेल, मिस्त्री. पण असू दे. एक शर्यत. एकच शर्यत मला माझ्या नावावर चालवून बघायची आहे. हरलो तर हरलो, पण मी हरलो असं तरी म्हणतील."

दुसऱ्या दिवशी तो खरंच निसटला. अर्ध्या घाटापर्यंत त्याच्याबरोबरचे एकेक करून गळाले. शेवटचा एक पोरगेला गडी चिकटून होता, त्यालाही त्याने एका उभ्या वळणावर सोडलं. गाडीतल्या छोट्या पडद्यावर मी बघत होतो. पुढे एकटा पाणक्या. पाठ सपाट, कारण त्या दिवशी पाठीवर कोणाच्याच बाटल्या नव्हत्या. मला वाटलं, आज वहिनींना ओळखायला जड जाणार.

आणि खाली, आमच्या गाडीसमोर, नवरदेवाच्या मागच्या चाकाला दुसऱ्या टीमच्या कोणाचा तरी धक्का लागला. गिअर मोडून चाकात घुसला. मी गाडीतून उडी मारली, टपावरची राखीव सायकल काढली, नवरदेवाला बसवलं, ढकललं. छान. दहा-बारा पॅडल मारली असतील, तोवर सीट सरकन खाली गेली. पार तळाशी. नवरदेवाचे गुडघे कानाला लागायला आले. लहान भावाची सायकल पळवलेल्या मोठ्या भावासारखा दिसत होता. इतर कुठल्याही दिवशी मी पोट धरून हसलो असतो.

मी पाना घेऊन धावलो, सीट वर ओढली आणि आदल्या रात्री वाचवलेला सगळा जोर एकदम लावला. टक्. बोल्टाचं डोकं माझ्या हातात आलं.

मॅनेजर गाडीतून उतरलाही नाही. माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यावर मी वेगळा निबंध लिहू शकेन. मग वायरलेस उचलला.

"पाणक्या, थांब."

नुसता धापांचा आवाज.

"पाणक्या, ऐकू येतंय?"

"येतंय."

"मग थांब. तुझी सायकल हवीय."

"पुढे एकटा आहे मी, साहेब."

"माहितेय."

"वर दिसतंय मला. शेवटची कमान दिसतेय."

"माहितेय रे बाबा! त्याचा एकूण वेळ चाललाय पाण्यात. तो तसाच रखडत येतोय तुझ्याकडे. थांब."

बाकीचे सहकारी केव्हाच खाली गळाले होते, आणि असते तरी त्या मापाची सीट एकच. आम्ही वळण घेतलं तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उतरून उभा होता. सायकल नवरदेवासाठी चढाच्या दिशेने नीट वळवून, एका हाताने सीट धरून. आत्ता काही मिनिटांपूर्वी त्याने मागे सोडलेला तो पोरगेला गडी त्याच्यासमोरून वर निघून गेला. पाणक्याने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटलं.

नवरदेव आला, उतरला, पाणक्याच्या सायकलवर बसला. "सॉरी रे," म्हणाला, आणि बसल्या बसल्या पहिलं काम काय केलं, तर दांड्यावरच्या जाळीतली बाटली काढून तोंडाला लावली.

"ती शेवटच्या चढासाठी ठेवली होती," पाणक्या म्हणाला.

"देतो रे तुला एक," नवरदेव म्हणाला आणि निघाला. पाणक्याने सवयीने त्याच्या पाठीला हात देऊन ढकललं. आपण ढकललं हे लक्षात आल्यावर तो हात त्याने असा झटकला, जणू काही चिकटलं होतं.

मी गिअर मोडलेल्या पहिल्या सायकलीचा चांगला बोल्ट काढून घेऊन पळत गेलो. "दादा, थांब जरा, हा बसवतो. लगेच होईल."

"थांबून झालं माझं," तो म्हणाला. नवरदेवाने माझ्या हातात सोडलेली ती तळाला सीट गेलेली सायकल ओढून घेतली, आणि पॅडलवर उभा राहिला.

त्या सायकलवर बसणं शक्यच नव्हतं. तो उभ्याने चढला. सगळा उरलेला घाट. घाट उभ्याने चढणं म्हणजे काय, हे जे कधी ओझं घेऊन जिने चढले असतील त्यांनी मनात आणावं आणि मग जिना संपतच नाही असं समजावं. आमची गाडी नवरदेवामागे जायची होती, म्हणून आम्ही त्याला मागे टाकून गेलो. वाटलं, संपला. थोड्या वेळाने माझ्या खिडकीबाहेर घासल्यासारखा श्वास ऐकू आला. बघतो तर पाणक्या. तोंडाला फेस, खांदे इकडून तिकडे हेलपाटत, आणि गाडीच्या पुढे चाललेला. रिकामी जाळी खुळखुळत होती. त्याने नवरदेवाला गाठलं. त्याच्या शेजारून निघणारच होता.

"शाबास!" मॅनेजर वायरलेसवर ओरडला. "आता त्याच्यापुढे राहा. वारा अडव. घेऊन चल त्याला."

पाणक्याने मान वळवून गाडीकडे बघितलं. "साहेब, मी आज मोकळा होतो ना?"

"होतास," मॅनेजर म्हणाला. "आता वारा अडव."

त्याने अडवला. नवरदेवाला मागे लावून वर नेलं, आणि रेषेपाशी नवरदेवाला पुढे जाऊ दिलं, कारण तशीच पद्धत असते. टप्पा त्या पोरगेल्या गड्याने जिंकला. वर पोहोचल्यावर त्याने आईला फोन लावला आणि मोठ्याने रडला. पाणक्या माझ्या गाडीच्या सावलीत बसला होता. मी पाणी दिलं. घेतलं नाही.

एवढं करून नवरदेव सगळ्या शर्यतीत शेवटी आला चौथा. चौथ्याचा फोटो कोणी काढत नाही. म्हणजे फोटोत मधे उभं राहायचीही वेळ आली नाही.

मला काढलं नाही. मॅनेजरने मला नवा पाना घेऊन दिला, किती आवळलं ते दाखवणारा, आणि तो देताना सगळ्यांसमोर म्हणाला, "याला जेवायला आधी बसवत जा रे." पाणक्या त्यावर हसला नाही, पण रागावलाही नाही. माझ्यावर तो रागावलाच नाही, हे मला जास्त लागलं. मी माफी मागितली तर म्हणाला, "तुझा बोल्ट मोडला, मिस्त्री. साहेबांचा शब्द कोणी आवळला नव्हता?"

मोसम संपल्यावर त्याची सायकल पोहोचवायला मी घरी गेलो. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. पाणक्याने स्पीकर लावला, कारण वहिनी तशाही कान लावून होत्या.

"पुढच्या वर्षाचा करार तयार आहे," मॅनेजर म्हणाला. "एक वर्ष. आहे त्याच कामावर."

"आणि डोंगरातली ती छोटी शर्यत? माझी टीम?"

"वर पहिला पोहोचलास तर, असं म्हणालो होतो."

"मी थांबलो होतो, साहेब."

"हो रे, कोण नाही म्हणतंय? पण निकालात थांबल्याचा रकाना नसतो. मालकांना काय दाखवू? आणि खरं सांगू का, तुला सोडणारच नाही मी. तुझ्यासारखा चढणारा उद्या मिळेलही. त्या मापाचा कुठून आणू?"

फोन बंद झाला. खाली दुकानात कोणीतरी टायरवर हातोडा मारत होतं.

"नको करू सही," वहिनी म्हणाल्या.

"मग काय करू? चादरी?"

"चादरी नेताना तरी तू पहिला पोहोचायचास."

पाणक्याने चहा मागितला. वहिनी उठल्या नाहीत. तो स्वतः उठला, तिघांसाठी केला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सही करून आला.

थंडीतल्या सरावाला टीम पुन्हा जमली. पहिल्याच चढावर नवरदेव त्याच्या शेजारी आला आणि रस्त्यावरची नजर न काढता हात बाजूला धरला. बाटलीसाठी. मी मागे गाडीत होतो, काच खाली होती.

पाणक्याने पाठीवरची बाटली काढली, पण हातात दिली नाही. "आधीची?"

"आधीची कुठली?"

"घाटातली. माझ्या सायकलीची. देतो म्हणाला होतास."

नवरदेव मोकळेपणाने हसला. "अरे, ती होय! देतो की. आठवण कर."

"केली ना आत्ता."

"देतो रे," म्हणून नवरदेवाने बाटली घेतली, प्यायला आणि पुढे गेला.

तेव्हापासून पाणक्याच्या सायकलीला मी एकच बाटली लावतो. त्याने मला तसं बजावलंय. दुसरी जाळी रिकामी ठेवायची. ती ज्याने भरायची आहे तो भरेल. मॅनेजर रोज सकाळी ओरडतो, हा काय पोरकटपणा, उन्हात माणूस मरेल. मी म्हणतो, साहेब, मी फक्त बोल्ट बघतो. आणि बोल्ट मी खरंच बघतो, दोघांच्याही सायकलींचे, दोनदा. जाळी मात्र खडबडीत रस्त्यावर खुळखुळत असते. कालपर्यंत तरी रिकामीच होती.