दिव्याच्या दोन रिंगा

चकाचकमामांचे हात गेली चाळीस वर्षं काळे आहेत आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. जुन्या मोटारींचे बंपर, जाळ्या, दारांच्या मुठी, असं जे जे एकेकाळी चमकत होतं ते पुन्हा चमकवायचं, हा त्यांचा धंदा. गल्लीच्या टोकाला पत्र्याची लांबट खोली, त्यात गरगरणारी कापडी चाकं, फळीवर पॉलिशच्या वड्या आणि छताला एकच लांब ट्यूबलाइट. ती काही नुसती उजेडासाठी नाही. घासून झालेला बंपर तिच्याखाली धरायचा. त्यात ट्यूब सरळ दिसली तर काम पास. कुठे लचकली तर पुन्हा चाकावर. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, मला तर काही दिसत नाही." मामा म्हणतात, "मला दिसतंय ना!" घरी जेवायला बसले तरी ताट तिरकं करून बघतात. बायको म्हणते, "त्यात भाजी वाढलीय, ती बघा."

सुखी माणूस. डोळ्यात कुसळ एकच, ते म्हणजे साडू.

आणि साडू टाळता येण्यासारखे नव्हते. घासायचं काम मामांचं, त्यावर मुलामा चढवायचं साडूंचं. दोन गल्ल्या सोडून त्यांच्या टाक्या. अकरा वर्षांपूर्वी एका बंपरला मुलाम्यानंतर फोड आले. मामा म्हणाले, टाकीतलं पाणी घाण. साडू म्हणाले, घासताना पॉलिशचं मेण राहिलं. खरं तर दोघांचंही थोडं थोडं चुकलं होतं, पण कबूल कोण करणार? तेव्हापासून बोलणं बंद, धंदा चालू. माल हातगाडीवरून जायचा आणि निरोप दोघांच्या बायकांमार्फत. त्या सख्ख्या बहिणी, रोज फोनवर असायच्याच. "यांना सांग, म्हणावं कडा जपा." "त्यांना सांग, म्हणावं शिकवू नका." दोन शहाण्या बायका अकरा वर्षं हा पोरखेळ कशा चालवून घेत होत्या, कोण जाणे.

त्या आठवड्यात एका निवृत्त डॉक्टरीणबाईंची मोटार आली. त्यांच्या आजोबांची, इतकी जुनी की असली गाडी मामांच्या हाताखालून कधी गेलीच नव्हती. बाई एकच वाक्य बोलल्या, "आहे तेच नीट करायचं, बदलायचं काही नाही." पुढच्या दिव्यांच्या दोन पितळी रिंगा सोडवल्या. काठावर दिवा बनवणाऱ्याचं नाव केसाएवढ्या बारीक अक्षरांत कोरलेलं. दोन्हींचा मुलामा पिवळट दिसत होता. मामांनी पाहिलं न पाहिलं आणि निकाल दिला. "धुरानं क्रोम पिवळं पडलंय. हे आता निघायचं नाही. सगळं उतरवून नवं चढवा म्हणावं." पहिली रिंग साडूंकडे रवाना झाली, बायकोनं निरोप पोचवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दुसरी रिंग हातात घेतली आणि मागची पट्टी सोडवली. पट्टीखालच्या जागेला कधी धूर लागला नव्हता की ऊन. कोरी करकरीत जागा, आणि तीही पिवळसर! मामा रिंग घेऊन दाराशी गेले. तिथे दुसऱ्या एका गाडीचा बंपर टेकवून ठेवला होता. त्याचं क्रोम निळसर, थंड. रिंगेचा रंग मात्र उबदार, फिक्या मधासारखा. मळ नव्हताच तो. अंगचाच रंग होता.

"निकेल!" मामा मोठ्यानं म्हणाले. ही गाडी क्रोमच्याही आधीची, तेव्हा मुलामा निकेलचाच चढवत. पहिली रिंग ॲसिडमध्ये गेली की मूळ मुलामा संपला. मग पितळ पुन्हा घासायचं, की अक्षरंही संपली.

ते तसेच मागे घरात धावले. "अगं, तुझ्या बहिणीला फोन कर! रिंग बुडवू नका म्हणावं!"

"ती शिंप्याकडे गेलीय. आणि ते टाकीवर असले की फोन घेत नाहीत."

"मग आता?"

"मग काय? पाय आहेत ना तुम्हाला? आणि तोंडही आहे."

मामा निघाले. एप्रन अंगात, नाकावर काळा फराटा. पाय भराभर चालत होते, तोंडाचं काही सांगता येत नव्हतं. साडूंच्या दारात पोचले, तर आत साडू कोपरापर्यंत रबरी मोजे चढवून उभे. हातात तांब्याची तार, तारेला रिंग, खाली ॲसिडची टाकी.

"थांबा!" मामा ओरडले. साडूंनी वळून पाहिलं. अकरा वर्षांनी पहिला शब्द, तोही असा. "निकेल आहे ते. माझं चुकलं."

साडूंनी रिंग सावकाश बाकावर ठेवली. "मला कालच वाटलं होतं. क्रोमच्या खाली निकेलचाच थर असतो, तो रंग मी रोज बघतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही क्रोम म्हणालात. धातू ओळखण्यात तुमचं चुकलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. म्हटलं, आपलेच डोळे गेले. सकाळपासून तीनदा तार उचलली आणि तीनदा खाली ठेवली."

हा माणूस आपल्याला गाढव समजतो, असं मामा अकरा वर्षं धरून चालले होते.

"त्या बंपरच्या वेळी तर चुकलं म्हणत होतात," ते शेवटी पुटपुटले.

"ते मेणाचं. धातूचं कुठे म्हटलं?"

"पाणीही घाण होतं!"

"होतं थोडं," साडू म्हणाले. "आता ही रिंग चाकावर घेऊ नका. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. नाहीतर अक्षरं घालवाल."

"मला शिकवताय?"

"हो, शिकवतोय."

दोन वाजून गेले तरी नवऱ्याचा पत्ता नाही, म्हणून बायको बघायला गेली. दोघं नळाशी उकिडवे बसले होते. मधे पाण्याचं घमेलं, पाण्यात रिंग. पाणी कोमट हवं की कढत, यावरून दोघांचे आवाज रस्त्यापर्यंत येत होते. "कातडं सोलायचंय का तिचं?" "तुमच्या गार पाण्यानं मेण निघत नाही, माहितीय मला!"

ती दारात बराच वेळ उभी राहिली. यांना सांग म्हणून कोणी म्हणालं नाही, त्यांना सांग म्हणूनही नाही. तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. मग तिनं घरी जाऊन निवांतपणे जेवून घेतलं.